सोळावं मिनिट

"टाळ्या? गेलेल्या माणसासाठी टाळ्या?" काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मला ते नीट मांडताच आलं नव्हतं. काकांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते. तेरावं, बँकेची कामं, पेन्शनचे कागद, सगळं ओळीनं उरकलं होतं. जानेवारीत मैदानावर फुटबॉलची स्पर्धा सुरू होणार होती आणि मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच काका तिथे नसणार होते. मनात आलं होतं ते एवढंच, की चालू सामन्यात एका ठरलेल्या मिनिटाला सगळ्या प्रेक्षकांनी उभं राहून त्यांच्यासाठी मिनिटभर टाळ्या वाजवाव्यात. खेळ थांबवायचा नाही, भाषण नाही, फोटोला हार नाही. इंग्लंडात असं करतात, असं मी म्हणाले आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावली. सत्तरी ओलांडलेल्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईला इंग्लंडात काय करतात ते सांगून काय उपयोग?

"अगं, टाळ्या आनंदाच्या असतात," काकू म्हणाल्या. मी चहा संपवून घरी आले.

काका आमच्या नात्यातले नव्हते. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात ते समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला, पुढे नोकरी कोयलीच्या रिफायनरीत. हे विजय हजाऱ्यांचं गाव, इथल्या मराठी घरांत मुलाच्या हातात पहिली बॅट येते. काकांना फुटबॉल मिळाला तो रिफायनरीतल्या एका बंगाली सहकाऱ्याकडून. त्यांना काका नुसतं 'दादा' म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. ते दर रविवारी काकांना सायकलवर घालून मैदानावर न्यायचे. दादा निवृत्त होऊन कोलकात्याला परत गेले, काकांचा रविवार मात्र मैदानावरच राहिला. मी सातवीत असताना एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले आणि मग जातच राहिले. त्या काळी तिथे बघायला येणारी दुसरी मुलगी नसायची. काकांनी मला कधी ते जाणवू दिलं नाही. येताना रावपुऱ्यात सेवउसळ खायची आणि सूरसागरच्या कडेनं चालत घरी यायचं.

ते स्वतः कधी खेळले नाहीत. ओरडायचेही फारसे नाहीत. फार झालं तर "अरे पास दे, घरी नेणार आहेस का चेंडू?" एवढंच. पण आमच्या मैदानावर घड्याळ नाही, आजही नाही, आणि काकांच्या मनगटावर चावीचं एचएमटी होतं. सामना सुरू झाला की ते काटा कुठे आहे ते बघून ठेवत आणि मग दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी मागे वळून विचारी, "काका, किती झाली?" काका घड्याळ न बघता सांगायचे. मग बघायचे. बरोबर असायचं.

काकूंनी नकार दिल्यावर मी तो विषय सोडून दिला होता. गुरुवारी सकाळी त्यांनीच गॅलरीतून हाक मारली.

"काल भजनात बसले होते," त्या म्हणाल्या. "सगळ्याजणी टाळ्या वाजवत होत्या, माझेही हात वाजवत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तुझं ते असलंच ना काहीतरी?"

मी म्हटलं, "हो काकू, असलंच."

"मग कर. पण फोटोबिटो लावू नका. आणि मला माइकवर बोलायला सांगायचं नाही."

ही पद्धत मला आणि काकांना टीव्हीवर दिसली होती. २०१४ सालची गोष्ट. त्या वर्षी १७ जुलैला मलेशियाचं एमएच १७ विमान युक्रेनवर पाडलं गेलं. त्यात न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडातल्या क्लबचे दोन चाहते होते. आपला संघ न्यूझीलंडला सरावाचे सामने खेळणार म्हणून ते तिकडे निघाले होते. पुढे न्यूकॅसलच्या सामन्यात १७व्या मिनिटाला सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं. गोल नाही, कॉर्नर नाही, काहीच नाही. काकांनी मला विचारलं, "हे काय गं?" मी फोनवर शोधून सांगितलं. न्यूकॅसलचं सगळ्यात कडवं वैर संडरलँडशी, आणि त्या दोघांच्या नावानं फुलं वाहायला संडरलँडच्याच एका चाहत्यानं पैसे गोळा करायला सुरुवात केली होती. त्याला शंभर पौंड हवे होते, जमले तेहतीस हजारांवर. हे ऐकून काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खेळ थांबवला नाही, बघ. त्यांना खेळच बघायचा होता ना."

तिकडे बहुतेक वेळा गेलेल्या चाहत्याचं वय धरतात. सहा वर्षांचं लेकरू गेलं तर सहावं मिनिट, चोपन्न वर्षांचा गृहस्थ गेला तर चोपन्नावं. खेळाडू असेल तर त्याच्या पाठीवरचा आकडा. स्पेनमधल्या एस्पान्योलचा कर्णधार दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये अचानक गेला, त्याचा नंबर २१, म्हणून त्यांच्या मैदानावर २१व्या मिनिटाला टाळ्या होतात. चाहत्याच्या पाठीवर आकडा नसतो. त्याच्याकडे वय तेवढं असतं.

आमची गाडी इथेच अडली. काका गेले तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि आमच्या स्पर्धेतले सामने ३५-३५ मिनिटांचे असतात. एकूण सत्तर. आमच्याकडे ७८वं मिनिटच नाही.

आमच्या संघाच्या पोरांनी डोकी चालवली. एक म्हणाला, ७ आणि ८ मिळून १५, पंधराव्याला करू. दुसरा म्हणाला, शेवटच्या मिनिटाला करू. मी म्हटलं, शेवटच्या मिनिटाला एका गोलचा फरक असेल तर टाळ्या कोण वाजवेल, आणि वाजवल्याच तरी कुणासाठी ते कसं कळेल? मला ही बेरीज-वजाबाकी नको होती. रात्री पडल्या पडल्या १६ ऑगस्ट आठवला.

१६ ऑगस्ट १९८०. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा लीगचा सामना होता. सॉल्ट लेकचं मोठं स्टेडियम तेव्हा झालेलं नव्हतं, ते १९८४ मधलं. प्रेक्षकांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसं मेली. खेळ बघायला म्हणून घरातून निघालेली सोळा माणसं. तेव्हापासून बंगालमध्ये तो दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात, आणि तिथली फुटबॉल संघटना त्या दिवशी रक्तदान शिबिर घेते. आमच्या दादांच्या गल्लीतला एक मुलगा त्या दिवशी सामन्याला गेला होता, तो रात्री फार उशिरा घरी परतला. त्याच्या आईनं ती संध्याकाळ कशी काढली ते दादा सांगायचे आणि सांगताना नेहमी उठून उभे राहायचे. बंगालमध्ये रक्तदान सुरू झालं तसं दादा इथे सयाजी हॉस्पिटलात जायला लागले आणि काकांना घेऊन जायला लागले. दादा गेल्यावरही काका दर १६ ऑगस्टला एकटे जात. पासष्टी झाली तेव्हा तिथल्या मुलीनं सांगितलं, काका, आता नियमानं तुमचं रक्त घेता येणार नाही. त्या दिवशी घरी येऊन ते लहान मुलासारखे रुसून बसले होते, असं काकूंनी मला सांगितलं होतं.

सकाळी काकूंना विचारलं. "सोळावं चालेल का?"

त्या म्हणाल्या, "वयापेक्षा बरं. वय काय, कुणाचंही असतं."

मग गेले स्पर्धेच्या सचिवांकडे. भला माणूस. काकांना चांगलं ओळखणारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, एना करतां शरूआतमां बे मिनिटनुं मौन राखी लईए ने."

मला हेच म्हणतील असं वाटलं होतं. आणि मौनाबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. ११ नोव्हेंबर १९१९ ला सकाळी अकरा वाजता सगळं ब्रिटन दोन मिनिटं गप्प उभं राहिलं, तेव्हापासून ही प्रथा पसरली. आज आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, ग्रामसभेत तीच चालते. पण मोठ्या मैदानावरचं मौन फार नाजूक असतं. चाळीस हजारांतला एक जण ओरडला की ते गेलं. फेब्रुवारी २००८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघाताला पन्नास वर्षं झाली. १९५८ च्या त्या अपघातात २३ माणसं गेली, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू होते. पन्नासाव्या वर्षी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर नेमका त्याच शहरातल्या वैऱ्यांशी, मँचेस्टर सिटीशी सामना आला. आपलीच काही टाळकी मौन मोडतील, ही भीती सिटीच्या चाहत्यांच्या संघटनेलाच होती. मौनाऐवजी टाळ्या ठेवा, असं त्यांनी सुचवलं. युनायटेडनं मौनच ठेवलं आणि सिटीच्या लोकांनी ते अक्षर न काढता पाळलं. म्युनिकला गेलेल्यांत सिटीचा जुना गोलकीपर फ्रँक स्विफ्टही होता, तो तेव्हा वार्ताहर म्हणून बरोबर गेला होता. म्हणजे मौन साधतंही. पण त्यासाठी सगळ्यांना आधीपासून माहीत असावं लागतं, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी मन घट्ट करावं लागतं. टाळ्यांचं तसं नाही. एखाद्याला उशिरा कळलं तरी त्याच्या टाळ्या त्यात मिसळून जातात, कुणी ओरडलं तरी तो आवाज बुडून जातो.

सचिवांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हणाले, की सुरुवातीच्या मौनात दरवर्षी पाच-सहा नावं वाचली जातात. लोक अजून स्कूटर लावत असतात, पाहुण्यांना नमस्कार चाललेले असतात. काका त्या वेळी पाठीमागे उभे राहून घड्याळाला चावी देत असायचे. त्यांच्यासाठी जे करायचं ते चेंडू मैदानात फिरत असताना करू द्या.

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लोकोने ताळी पाडवी होय तो पाडे, एमां परवानगी शेनी?" त्यांच्या अटी तीनच. मैदानात कुणी उतरायचं नाही, फटाके नाहीत, सामना चालू असताना माइकवरून घोषणा नाही.

घोषणा नाही म्हटल्यावर लोकांना सांगायचं कसं? दीडशे चिठ्ठ्या छापून घेतल्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. "आपल्याला वेळ सांगणाऱ्या काकांसाठी, सोळाव्या मिनिटाला उभं राहून एक मिनिट टाळ्या." नाव घातलं नाही. मैदानावर त्यांचं नाव किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक, काका म्हटलं की कळत होतं.

पंच रेल्वेतले, प्रतापनगरचे, मराठीच. त्यांना सामन्याच्या आदल्या दिवशी गाठलं. ते म्हणाले, "ताई, टाळ्यांचं मला काही नाही, फक्त माझी शिट्टी ऐकू गेली पाहिजे." मिनिट ओळखायचं कसं, ते मी त्यांना विचारलं. फुटबॉलच्या नियमांत वेळ राखणं पंचाचं काम, खरं घड्याळ त्याच्या मनगटावर. ते म्हणाले, "सुरुवातीची शिट्टी झाली की फोनवरचं बटण दाबा. मधे कुणी पडला, पाणी प्यायला थांबले, काही झालं तरी थांबवायचं नाही. आपलं घड्याळ चालतच राहतं. वाया गेलेला वेळ मी शेवटी देतो."

सगळ्यात धाकधूक होती ती फतेगंजच्या लोकांची. सामना त्यांच्या संघाशी होता. मागे एकदा त्यांच्या-आमच्या पोरांत चांगलीच जुंपली होती, दोन्हीकडचे ढोल फुटले होते. त्यांचा म्होरक्या म्हणजे ढोल वाजवणारा एक आडदांड तरुण. त्याच्याशी बोलायला मी एकटीच गेले, आमच्या पोरांना मुद्दाम नेलं नाही. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या चिठ्ठी दाखवली. त्यानं वाचली आणि विचारलं, "घडियाळवाळा दादा?"

मी म्हटलं, हो.

"ए तो अमने पण टाइम कहेता हता."

हे मला माहीत नव्हतं. हाफ टाइमला काका एक फेरी मारायचे, पाय मोकळे करायला, असं मी समजत होते. ते पलीकडच्या बाजूलाही जाऊन किती राहिली ते सांगून यायचे. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं, आणि ते सांगितलं ते ज्याच्याकडे जायला मी घाबरत होते त्यानं.

त्यानं मग माझ्या डोक्यात न आलेला प्रश्न विचारला: त्या मिनिटात ढोल वाजवायचा की बंद ठेवायचा? मी म्हटलं बंद, नाहीतर टाळ्या ऐकूच येणार नाहीत. त्यानं मान हलवली आणि पन्नास चिठ्ठ्या घेऊन गेला.

घरी मी एकदा करून पाहिलं. मिनिटभर टाळ्या म्हणजे फार लांब असतात. चाळिसाव्या सेकंदाला तळवे चुरचुरायला लागतात, पन्नासाव्याला खांदे भरून येतात. एरवी आपण टाळ्या सात-आठ सेकंदच वाजवतो.

सामना उत्तरायणानंतरच्या रविवारी होता. मैदानाच्या कडेच्या कडुनिंबांवर कापलेल्या पतंगांचे सांगाडे लटकत होते आणि सामन्याआधी दोन्हीकडची पोरं वाकून गवतातला मांजा गोळा करत होती, कुणाच्या घोट्याला कापू नये म्हणून. कुंपणाच्या भिंतीवर ऑगस्टमधल्या पुराची रेघ अजून होती. काकू आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आल्या. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तर त्या म्हणाल्या, "ते कुठे बसायचे?" मी पायरी दाखवली. त्यांनी खुर्ची त्या पायरीशेजारी ठेवायला सांगितली, पायरीवर बसल्या नाहीत. नंतरही कुणी तिथे बसलं नाही.

शिट्टी झाली, मी बटण दाबलं. पहिल्या दहा मिनिटांत फतेगंजनं आम्हाला आमच्याच अर्ध्यात कोंडलं. त्यांच्या डाव्या बाजूचा पोरगा वाऱ्यासारखा पळत होता. दोनदा मागून आवाज आला, "किती झाली?" आणि विचारणारा विचारून गप्प झाला.

फोनवर १५:०० झाले. सोळावं मिनिट म्हणजे पंधरा पूर्ण झाल्यापासून सोळा पूर्ण होईपर्यंत. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. पहिले दोन-तीन सेकंद माझ्याच टाळ्या मला ऐकू येत होत्या. मग आमची पोरं उठली, मग त्यांच्या मागची माणसं, सेवउसळीच्या गाडीवाला, स्कूटरवर बसून बघणारे दोघं. टीव्हीवर स्टेडियम गरजतं तसं काही इथे होत नाही. उघड्या मैदानावर टाळ्या पातळ वाटतात, वारा त्या उचलून नेतो. शे-दीडशे माणसं असतील आमच्या बाजूला. पण थांबत नव्हती. आमच्या गोलकीपरनं दचकून मागे वळून पाहिलं, त्याला वाटलं काही राहून गेलं की काय. मग त्याला आठवलं आणि त्यानं हातमोजे एकमेकांवर आपटले, धप् धप्. खेळ चालू होता. आमचा उजवा बॅक थ्रो-इन घ्यायला उभा होता. त्यानं चेंडू काखेत धरला, तीन टाळ्या वाजवल्या, आणि मग फेकला. पंचांनी वेळकाढूपणा म्हणून शिट्टी मारली नाही.

मी पलीकडे पाहिलं. तिथे सगळे बसलेले होते. ढोल गप्प होता हे खरं, पण एकही हात हलत नव्हता. तो ढोलवाला मांडीवर फोन घेऊन खाली बघत बसला होता. मला फार लागलं ते. इतका गोड बोलला, पन्नास चिठ्ठ्या नेल्या आणि आता हे. टाळ्या वाजवता वाजवताच माझ्या मनात त्याच्याबद्दल नको नको ते आलं.

आमच्या टाळ्या विरायला लागल्या, मिनिट संपत आलं होतं. फोनवर १५:५८, १५:५९. आणि १६:०० झाले तसा पलीकडे तो उठला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यानं पहिली टाळी वाजवली, आणि त्याच्या मागे त्यांची सगळी बाजू उभी राहिली.

चूक माझी होती. चिठ्ठीवर मी 'सोळाव्या मिनिटाला' लिहिलं होतं. त्यांनी घड्याळात सोळा दिसेपर्यंत वाट पाहिली होती. ढोल बंद ठेवून, एकमेकांना गप्प बसवत, एका मिनिटाची वाट बघत बसले होते ते सगळे.

आमच्या बाजूच्या खाली आलेल्या टाळ्या पुन्हा उचलल्या गेल्या. कुणी सांगितलं नाही. काकू इतका वेळ खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "आता हे त्यांच्याकडचे?"

मी म्हटलं, "हो, फतेगंजचे."

तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. भजनात वाजवतात तशा, लयीत, सावकाश, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते दुसरं मिनिट मी घड्याळात बघितलं नाही. फोन खिशात होता. सामना मात्र चालूच होता, त्या दुसऱ्या मिनिटात त्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यांचीच माणसं टाळ्या वाजवत असल्यामुळे कॉर्नरसाठी कुणी ओरडलं नाही.

मला त्या वेळी जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा सामना आठवला. मार्च २०१६ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ यांच्या सामन्यात स्टँडमधल्या दोन प्रेक्षकांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांतला एक जण गेला. त्यांच्या दक्षिणेकडच्या एकाच उताराच्या स्टँडमध्ये पंचवीस हजार माणसं उभी राहून सामना बघतात, सामनाभर गातात. ही बातमी तोंडातोंडी पसरली तशी झेंडे खाली आले, गाणी थांबली. ऐंशी हजार माणसांचं स्टेडियम गप्प, आणि खेळ चालू. त्या शांततेतच डॉर्टमुंडच्या कागावानं गोल केला, जल्लोष झालाच नाही. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून क्लबचं गाणं म्हटलं. मेलेला माणूस कोण होता हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नसणार. त्यांना एवढंच कळलं होतं, की आपल्यातला एक आला होता आणि आता घरी जाणार नाही.

आम्ही एक-शून्यनं हरलो. काकू शेवटपर्यंत बसल्या. उत्तरार्धात त्यांनी दोनदा मला विचारलं, किती झाली, आणि मी फोन बघून सांगितलं. जाताना ढोलवाला पलीकडून आला, त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "बेन, वहेलुं थई गयुं तमारुं." तुमचं जरा लवकरच झालं. मी त्याला सांगितलं चूक कुठे झाली ते. त्यानं बोटांवर मोजलं, पहिलं मिनिट शून्यापासून सुरू होतं, मग दुसरं एकापासून, आणि एकदम मान डोलावली.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. त्यांच्याकडचा एक नेमानं येणारा माणूस गेला होता. बावन्न वर्षांचा. सामना सत्तर मिनिटांचा, म्हणजे बावन्नावं मिनिट बसत होतं.

मी विचारलं, "त्यांच्या घरी विचारलंस का?"

"पहेलां एज कर्युं."

"घड्याळ कोण लावणार?"

"हुं."

"आणि कधी सुरू करायचं?"

"एकावन पूरा थाय एटले. बन्ने बाजु कही दीधुं छे."

रविवारी आम्ही दहा-बारा जण गेलो. काकूंना यायचं होतं, पण गुडघा धरला होता. उत्तरार्धात एकावन्न पूर्ण झाली तसा तो उठला, आणि या वेळी दोन्ही बाजू एकदमच उठल्या. त्या माणसाला मी कधी पाहिलं असेन की नाही ते सांगता येत नाही. कॉर्नरच्या झेंड्याजवळ एक मुलगी उभी होती, वीस-बावीसची, काखेत दोन हेल्मेटं धरून. सगळे टाळ्या वाजवायला लागल्यावर तिनं इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही हेल्मेटं गवतात ठेवली आणि तिनंही वाजवायला सुरुवात केली.